फुली आणि प्रवचन

गुन्हेगाराची कथा रंगवून सांगणे म्हणजे गुन्ह्यास उत्तेजन देणे होय काय, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो, आणि बहुधा वडीलधाऱ्यांच्या एका हुंकारासरशी त्याचा निकालही लागतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तो असाच लावीत आलो. परंतु १९३२ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘स्कारफेस’ हा बोलपट पुन्हा लक्षपूर्वक पाहिल्यावर तो हुंकार आम्हांस पुरेसा वाटेनासा झाला.

प्रथम काळ ध्यानात घ्यावा. १९२० च्या जानेवारीपासून अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी अमलात होती. दुकाने बंद झाली; तहान बंद झाली नाही. चोरट्या दारूचा व्यापार शिकागोसारख्या शहरात टोळ्यांच्या हाती गेला आणि व्यापारातील चढाओढीचा निकाल मशीनगनने लागू लागला. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी तेथील एका गॅरेजमध्ये सात माणसे भिंतीशी उभी करून मारण्यात आली. ज्याच्याकडे लोकांची बोटे वळली तो अल कपोन गालावरील व्रणामुळे ‘स्कारफेस’ म्हणून ओळखला जाई. याच नावाची आर्मिटेज ट्रेल याची कादंबरी निघाली. तिच्या आधारे हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य निर्मात्याने हा बोलपट काढला, हॉवर्ड हॉक्स याने दिग्दर्शन केले आणि पटकथेचा मुख्य भार बेन हेक्ट याने उचलला. हेक्ट पूर्वी शिकागोतच बातमीदार होता. तेथील रक्तपाताची भाषा त्याला अनुवादावाचून कळत होती.

पॉल म्यूनीने रंगविलेला टोनी कॅमोंटे हा धन्याचा हस्तक म्हणून आरंभ करतो आणि धन्यालाच संपवून त्याच्या जागी बसतो. कथा एवढीच, परंतु ती सांगण्याची तऱ्हा विलक्षण आहे. मृत्यू जवळ आला की पडद्यावर कोठेतरी फुली उमटते: कधी छपराच्या तुळयांत, कधी सावलीत. वृत्तपत्रांतील छायाचित्रांवर प्रेत पडल्याची जागा फुलीने दाखवीत, तीच ही फुली. एका प्रसंगी प्रतिस्पर्धी टोळीचा म्होरक्या चेंडूने लाकडी खुंट्या पाडण्याचा खेळ खेळत असतो. त्याचा डाव साधल्याची फुली फलकावर पडते, चेंडू पुन्हा सुटतो, गोळ्या कडाडतात. माणूस पडताना दिसत नाही, शेवटची खुंटी मात्र गिरकी घेऊन आडवी होते. इतका संयमी हिंसाचार आम्ही क्वचितच पाहिला आहे. जॉर्ज राफ्टने साकारलेल्या सोबत्याची नाणे उडविण्याची लकब तर पुढे कितीतरी चित्रपटांतील गुंडांनी उचलली.

ही मोहिनी पाहूनच नियंत्रक बिथरले. शीर्षकास ‘राष्ट्राची लाज’ असे उपपद जोडण्यात आले. एक वृत्तपत्राचा मालक प्रतिष्ठित नागरिकांपुढे कडक कायद्यांची मागणी करतो, असा प्रसंग घुसडण्यात आला. शेवटी पोलिसांच्या गोळ्यांनी टोनी रस्त्यावर पडतो, त्याऐवजी त्याला फाशी होते असा दुसरा शेवटही तयार झाला. त्यात नायकाचा चेहरा दिसतच नाही! इतके करूनही काही ठिकाणच्या नियंत्रकांचे समाधान झाले नाही, आणि १९३४ पासून तर नियमांचा अंमल कितीतरी कडक झाला.

आज तो प्रवचनाचा प्रसंग बोलपटातील सर्वांत निर्जीव भाग वाटतो. उलट फुली मात्र डोळ्यांपुढून हलत नाही, कारण टोनी वर चढत असतानाच ती त्याचाही हिशेब मांडीत असते. ‘जग तुमचे आहे’ ही विजेची जाहिरात प्रथम त्याच्या महत्त्वाकांक्षेस चेतविते आणि अखेर त्याच्या प्रेतावर उजेड पाडते. याहून अधिक उपदेश कोणत्या मंडळाने करावयाचा?

तथापि बोलपटाची एक उणीव सांगितलीच पाहिजे, आणि ती नियंत्रकांच्याही ध्यानात आली नव्हती. टोनी दुकानदारांस धाक घालून आपली बिअर घ्यावयास लावतो, हे आपण पाहतो. ती बिअर सुखाने पिणारा सभ्य गृहस्थ मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कधीच येत नाही. वृत्तपत्राचा मालक परकीयांना हद्दपार करा म्हणतो; ‘आपण ग्राहक होणे सोडू या’ असे त्या खोलीत कोणीच म्हणत नाही. खऱ्या कपोनला १९३१ च्या ऑक्टोबरात अकरा वर्षांची शिक्षा झाली ती खुनांसाठी नव्हे, प्राप्तिकर चुकविल्याबद्दल. बंदुकीला जे साधले नाही ते हिशेबाच्या वह्यांनी साधले, आणि त्या वह्यांतील प्रत्येक डॉलर कोणातरी ग्राहकाच्या खिशातून आला होता. १९३३ च्या डिसेंबरात ती दारूबंदीच उठली.

राफ्टचे ते नाणे आम्हांसही मोहून गेले, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मुलांनी असले चित्रपट पाहावेत की नाही, याची चर्चा आम्ही तासन्‌तास करतो. पण पडद्याबाहेरचा टोनी ज्या पैशावर पोसला जातो त्यात आमचा वाटा किती, हा प्रश्न आमच्या दिवाणखान्यात अद्याप कोणी काढलेला नाही.