गुटमनचा ‘शाप’ : एक खंडन

लिस्बनचा बेनफिका फुटबॉल क्लब १९६२ नंतर युरोपीय स्पर्धांचे आठ अंतिम सामने हरला. कारण सगळीकडे एकच सांगितलं जातं : बेला गुटमनचा शाप. लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून दिल्यावर या हंगेरियन प्रशिक्षकाने मोबदला वाढवून मागितला, संचालकांनी नाकारला, तेव्हा शंभर वर्षं तुम्हाला युरोपचा कप मिळणार नाही असं बजावून तो निघून गेला, हा पूर्वपक्ष.

तो टिकत नाही. शाप देऊन गेलेला माणूस १९६५ मध्ये त्याच बेनफिकाचा प्रशिक्षक म्हणून परत कसा आला? कथा सांगणारे हे वर्ष गाळतात. शिवाय क्लब सोडणं हा त्याचा स्वभावच होता. प्रशिक्षकाला तिसरं वर्ष घातक, असं तो मानत असे.

आता पराभव पाहू. १९६३ मध्ये मिलानविरुद्ध कर्णधार कोलुना जखमी झाला आणि बदली खेळाडूची तेव्हा सोयच नव्हती. १९६५ चा अंतिम सामना इंटर मिलानच्या घरच्या मैदानावर झाला. त्यात गोलरक्षक जायबंदी झाला आणि बचावपटू जर्मानोला गोलात उभं राहावं लागलं. तरी हार फक्त ०-१ अशी. यात शाप कुठे आला?

१९९० च्या व्हिएन्नातल्या अंतिम सामन्याआधी बेनफिकाचा जुना खेळाडू युसेबियो याने गुटमनच्या कबरीवर प्रार्थना केली, हा शापवाद्यांचा हुकमी दाखला. पण युसेबियोला बेनफिकात आणलं गुटमननेच. शिष्य गुरूच्या कबरीशी गेला, यात शापाचा पुरावा शोधायचं कारण नाही.

मला या कथेचा खरा राग वेगळ्याच कारणासाठी येतो. १८९९ मध्ये बुडापेस्टच्या ज्यू घरात जन्मलेला हा माणूस एमटीकेकडून हंगेरीचा आणि हाकोआ व्हिएन्नाकडून १९२५ मध्ये ऑस्ट्रियाचा विजेता झाला. प्रशिक्षक म्हणून १९३९ मध्ये त्याने उय्पेश्तला मध्य युरोपचा मित्रोपा कप मिळवून दिला. मग महायुद्धात तो माळ्यावर लपून राहिला, सक्तमजुरीच्या छावणीत डांबला गेला. डिसेंबर १९४४ मध्ये सहकैदी एर्नो एर्बश्टाइनसोबत तिथून निसटला. वडील आणि बहीण मात्र नाझींच्या संहारात गेले. त्यानंतर सतरा वर्षं पुरी व्हायच्या आत, १९६१ मध्ये बर्नला, त्याच्या संघाने बार्सिलोनाला ३-२ हरवलं आणि पुढच्या वर्षी रेआल माद्रिदला ५-३. एवढ्या आयुष्यातून लोकांनी उचललं काय, तर निघतानाचं एक कथित वाक्य!

बेनफिकाने २०१४ मध्ये आपल्या मैदानावर त्याचा पुतळा उभारला. त्याच्या हातांत दोन युरोपियन कप आहेत.