खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयासाठी पहिले प्रवाळ : कायदा, निवड आणि निगा

गोड्या पाण्यातील मासे काही वर्षे सांभाळल्यानंतर अनेकांना खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची ओढ लागते. त्यात एक-दोन मासे स्थिरावले, की पुढचे पाऊल अर्थातच प्रवाळाचे असते. याविषयीची बहुतेक माहिती परदेशी मार्गदर्शिकांतून मिळते. नवख्यांसाठी ‘सोपे’ म्हणून त्यांत ज्यांची शिफारस केलेली असते, त्यांतील अनेक प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे आपल्याकडे ‘सोपा प्रवाळ’ ठरवताना तीन कसोट्या लावाव्या लागतात. तो कायद्याने संरक्षित प्रजातींपैकी नसावा, नवख्याच्या हातून होणारे चढउतार सोसणारा असावा आणि समुद्रातून ओरबाडलेला नसून मत्स्यालयातच वाढवलेला असावा.

प्रवाळ म्हणजे नेमके काय?

प्रवाळ हा दगडही नव्हे आणि वनस्पतीही नव्हे; तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे असंख्य सूक्ष्म जीव एकत्र राहून त्याची वसाहत बनवतात. नवरत्नांत गणले जाणारे पोवळे हे अशाच एका लाल प्रवाळाच्या सांगाड्यापासून घडवलेले असते. उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रकाशाच्या साहाय्याने ते अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला देते. मत्स्यालयात दिव्याला इतके महत्त्व आहे ते यामुळेच. पाणी फार तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात.

मत्स्यालयाच्या दृष्टीने प्रवाळांचे दोन ढोबळ गट पडतात. चुन्याचा कठीण सांगाडा उभारणारे ते कठीण प्रवाळ. मऊ, मांसल देहाचे ते मृदू प्रवाळ. मशरूम आणि झोआन्थिड हे शास्त्रीयदृष्ट्या कठीण प्रवाळांचे जवळचे नातेवाईक आहेत. मात्र ते सांगाडा बांधत नाहीत, म्हणून व्यवहारात त्यांची गणना मृदू प्रवाळांसोबतच होते.

कायद्याची चौकट

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. सर्व कठीण प्रवाळ, सर्व काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, सर्व अग्निप्रवाळ आणि सर्व समुद्रपंखे यांना त्यामुळे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने किमान दंड २५ हजार रुपये करण्यात आला. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचेही नियंत्रण आहे.

ही तरतूद किती गांभीर्याने घेतली जाते, याचे उदाहरण मुंबईत आहे. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळी येथील खडकांवर प्रवाळांच्या लहान वसाहती आढळल्या. त्या हलवण्यासाठी महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्यांचे स्थलांतर झाले. दोनापावला येथे मुख्यालय असलेली ही संस्था गोव्याला सुपरिचित आहे.

गोव्यात वास्कोजवळच्या ग्रांदे बेटाभोवती जिवंत प्रवाळ आहेत. शेजारच्या सिंधुदुर्गात मालवणच्या समुद्रातही ते आहेत आणि तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. या ठिकाणांहून, किंबहुना कोणत्याही किनाऱ्यावरून, प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नये. मृत प्रवाळाचा सांगाडा आणि प्रवाळी खडक यांनाही हेच लागू होते. मत्स्यालयाच्या रचनेसाठी कृत्रिम खडक वापरावा. काही महिन्यांत त्यावर आवश्यक जिवाणू आपोआप वाढतात.

ओहोटीच्या वेळी कोकण-गोव्याच्या खडकांवर हिरवट-तपकिरी झोआन्थिडांचे गालिचे दिसतात. अनुसूचीत त्यांचे नाव नसले, तरी तेही खरवडून आणणे योग्य नाही. नवख्या डोळ्यांना मृदू आणि कठीण यांतला फरक सहज कळत नाही. गोनिओपोरा हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे लांब, डुलणारे पॉलिप फुलांच्या ताटव्यासारखे मऊ दिसतात, पण खाली चुन्याचा गोळा असतो. तो संरक्षित आहे आणि मत्स्यालयात टिकवण्यास कुप्रसिद्धपणे अवघडही आहे.

आधी पाणी, मग प्रवाळ

नव्या मत्स्यालयात मलमूत्रातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू तयार होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन स्थिरावल्याशिवाय प्रवाळ आणू नये. दोन-तीन महिने थांबणे अधिक श्रेयस्कर. पहिले मत्स्यालय शक्यतो १०० लिटरपेक्षा लहान नसावे. कमी पाण्यात तापमान आणि क्षारता फार झपाट्याने बदलतात.

मृदू प्रवाळांसाठी पाण्याचे पुढील प्रमाण राखावे :

• तापमान : २४ ते २७ अंश सेल्सिअस
• क्षारता : सुमारे ३५ भाग प्रति हजार (विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६)
• सामू : ८.१ ते ८.४
• अल्कता : ८ ते ११ अंश केएच
• कॅल्शियम : ४०० ते ४५० पीपीएम
• नायट्रेट : सुमारे २ ते १५ पीपीएम

नायट्रेट शून्यावर आणण्याचा अट्टहास नको. मृदू प्रवाळांना किंचित पोषकद्रव्ये असलेले पाणी मानवते. अतिस्वच्छ पाण्यात ते आक्रसतात. पाणी आकड्यांनिशी अचूक असण्यापेक्षा स्थिर असणे महत्त्वाचे आहे.

गोव्यात समुद्र दाराशी असल्याने तेथूनच पाणी आणण्याचा मोह होतो. तो आवरावा. पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या पुरामुळे किनाऱ्यालगतची क्षारता घसरते आणि पाणी गढूळ होते. इतर ऋतूंतही सांडपाण्याचा आणि जहाजांच्या तेलाचा धोका असतोच. म्हणून आरओ-डीआय यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ मिसळावे. स्वयंपाकाचे किंवा मिठागरातील मीठ चालत नाही. १०० लिटर पाण्यास साधारण साडेतीन ते चार किलो मीठ लागते.

या पद्धतीमुळे समुद्राचे सान्निध्य ही अटच उरत नाही. महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरील वांकिडीचे उदाहरण घेता येईल. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तेथील आणि पणजीतील मत्स्यालयाच्या पाण्याची कृती एकच राहते. फरक पडतो तो हवामानाचा.

उष्मा, दमट हवा आणि वीज

पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते. वांकिडीसारख्या ठिकाणच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय प्रभावी ठरतो. परंतु तेथील उन्हाळा इतका कडक असतो, की पंखा एकटा पुरत नाही आणि पाण्याची पातळीही झपाट्याने उतरते. गोव्याच्या दमट हवेत पाणी कमी उडते, म्हणून पंख्याचा परिणामही मर्यादित राहतो. दोन्हीकडे एप्रिल-मे महिन्यांत शीतक यंत्र किंवा वातानुकूलित खोली यांचा विचार आधीच करावा. पाणी ३० अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास विरंजनाचा धोका संभवतो.

उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने करावी. मीठ उडून जात नाही. खारे पाणी ओतत राहिल्यास क्षारता वाढत जाते. वीज गेल्यावर पहिला धोका प्राणवायूचा असतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

सुरुवातीस योग्य असे प्रवाळ

मशरूम (डिस्कोसोमा, रोडॅक्टिस) : पहिल्या खरेदीसाठी सर्वांत निर्धोक. मंद प्रकाश आणि संथ प्रवाह यांना पुरतो, त्यामुळे जागा तळाशी द्यावी. पायाचा तुकडा मागे सोडून ते स्वतःच वाढतात.

लेदर प्रवाळ (सार्कोफायटन, सिन्युलारिया) : मध्यम प्रकाश आणि मध्यम प्रवाह हवा. सार्कोफायटन अधूनमधून काही दिवस मिटून राहतो आणि अंगावरची मेणचट कात टाकतो. अनुभव नसलेले पालक तो मेला असे समजून फेकून देतात. थोडा धीर धरल्यास तो पुन्हा फुलतो. हे प्रवाळ शेजाऱ्यांना त्रासदायक रसायने सोडतात, म्हणून अंतर ठेवावे आणि गाळणीत सक्रिय कोळसा वापरावा.

केनिया ट्री (कॅप्नेला) : छोट्या झाडासारखा. फांद्या गळून नवी रोपटी रुजावीत तशी त्याची पैदास होते.

झेनिया : हाताची मूठ उघडावी-मिटावी तशी त्याच्या पॉलिपांची लय असते. तो तणासारखा पसरतो. स्वतंत्र, वेगळ्या खडकावरच लावावा.

झोआन्थिड : रंगांची विविधता मोठी आणि निगा सोपी. मात्र त्यांतील काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतिजहाल विष असते. हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा आणि ते घासू वा कापू नयेत. त्यांचा खडक कधीही उकळू नये, कारण वाफेतून विषबाधा होऊ शकते. लहान मुले असलेल्या घरात हा प्रवाळ टाळलेलाच बरा.

परदेशी याद्यांतील डंकन, कँडी केन, हॅमर आणि टॉर्च हे कठीण प्रवाळ आहेत. ते कितीही ‘सोपे’ असले तरी वगळावेत. समुद्रपंखेही त्यातच आले. ग्रीन स्टार पॉलिपचे कूळ वर्गीकरणात समुद्रपंख्यांच्या जवळ ठेवले जात आले आहे. शंकेला जागा नको म्हणून तोही टाळावा.

खरेदी करताना

विक्रेत्याकडे शास्त्रीय नावासह पावती मागावी. माल आयात केलेला असल्यास आयातीची कागदपत्रे पाहावीत. तुकडा मत्स्यालयात वाढवलेला आहे का, हे विचारावे. असे तुकडे सहसा छोट्या गोल चकतीवर रुजलेले असतात. नाव सांगता न येणारा किंवा खडकावरून नुकताच तोडलेला दिसणारा प्रवाळ घेऊ नये. ओळखीसाठी एक खूण उपयोगी पडते. लेदर, केनिया ट्री आणि झेनिया यांच्या प्रत्येक पॉलिपला पिसासारखे आठच बाहू असतात; कठीण प्रवाळांत ती संख्या सहाच्या पटीत असते. पॉलिपाखाली कठीण चुना बोटाला लागला, तर खरेदी तेथेच थांबवावी.

पहिला महिना

घरी आणल्यावर पिशवी १५-२० मिनिटे मत्स्यालयात तरंगत ठेवावी. मग थेंब-थेंब पाणी मिसळत अर्धा-पाऊण तास द्यावा. पिशवीतील पाणी मत्स्यालयात ओतू नये. दिवे पहिले काही दिवस मंद ठेवून हळूहळू रोज आठ तासांपर्यंत न्यावेत. एका वेळी एकच प्रवाळ आणावा आणि तो महिनाभर फुललेला दिसल्यावरच दुसऱ्याचा विचार करावा. रोज जागा बदलू नये. आठवड्याला किंवा पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलल्यास मृदू प्रवाळांना वेगळे खनिज सहसा घालावे लागत नाही.

वर्षभरात मशरूम आणि केनिया ट्री जागा अपुरी पडावी इतके वाढतात. ते समुद्रात सोडू नयेत. परकी प्रजाती स्थानिक खडकांवर पसरण्याचा धोका असतो. वाढलेले तुकडे इतर मत्स्यालयधारकांना द्यावेत. एका घरात वाढलेला तुकडा दुसऱ्या घरी गेला, की समुद्रातून उपटलेल्या एका प्रवाळाची मागणी कमी होते. कठीण प्रवाळांचे सौंदर्य पाहण्याची इच्छा असल्यास ग्रांदे किंवा मालवणच्या पाण्यात प्रशिक्षित मार्गदर्शकासोबत उतरून, स्पर्श न करता, ते जागच्या जागी पाहता येते.