मानवी श्रवण व दृष्टी यांच्या कक्षा

निरोगी तरुण माणसाला साधारणतः 20 ते 20,000 हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 380 ते 750 नॅनोमीटर, म्हणजे कंप्रता 400 ते 790 लाख कोटी हर्ट्झ असते. हे आकडे थेट शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. ध्वनितरंग यांत्रिक आहेत, प्रकाशतरंग विद्युत्‌चुंबकीय. वरची सीमा खालच्या सीमेच्या किती पट, एवढेच ताडून पाहता येते. कंप्रता दुप्पट झाली की एक सप्तक पूर्ण होते. या हिशेबाने कानाची कक्षा जवळजवळ दहा सप्तकांची आहे (नेहमीची हार्मोनियमची पेटी साडेतीन सप्तकांच्या आसपास असते), तर डोळ्याला एक सप्तकही पुरते लाभलेले नाही.

डोळ्याच्या दोन्ही सीमांची कारणे वेगवेगळी आहेत. जंबुपार किरण बहुतांशी नेत्रभिंगातच शोषले जातात. मोतीबिंदूमुळे भिंग काढलेल्या आणि कृत्रिम भिंग न बसवलेल्या व्यक्तींना त्यांपैकी काही दिसतात. अवरक्त प्रकाशकणांची ऊर्जा मात्र दृक्पटलातील रंगद्रव्यात बदल घडवण्यास अपुरी पडते.

तीव्रतेच्या बाबतीत दोन्ही इंद्रिये थक्क करणारी आहेत. ऐकू येणारा अगदी मंद ध्वनी आणि कान दुखवणारा ध्वनी यांच्या तीव्रतेत सुमारे एक लाख कोटी पटींचे, म्हणजे 120 डेसिबेलचे अंतर असते. मंद ध्वनीने कानाचा पडदा हायड्रोजन अणूच्या व्यासाहूनही कमी हलतो. डोळाही मागे नाही. हेक्ट, श्लेअर व पिरेन यांच्या 1942 मधील प्रयोगांनुसार दंडपेशींनी 5 ते 14 प्रकाशकण शोषले, तरी प्रकाशाची जाणीव होते. मात्र त्यासाठी डोळा अंधाराला सरावावा लागतो आणि त्याला अर्धा तास सहज लागतो.

खरा भेद विश्लेषणात आहे. आंतरकर्णातील शंखाकार नलिकेत उंच स्वर तळाशी, तर खालचे स्वर टोकाकडे अधिक कंप निर्माण करतात. हे दाखवून देणाऱ्या संशोधनासाठी गेऑर्ग फॉन बेकेशी यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. नलिकेतील या विभागणीमुळे एकत्र वाजणारे षड्ज व पंचम कान वेगळे ओळखतो. डोळ्याकडे रंगासाठी फक्त तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत. तांबडा व हिरवा प्रकाश मिसळला की त्याला पिवळा दिसतो. घटक त्याला उलगडता येत नाहीत. दूरचित्रवाणीचा रंगीत पडदा डोळ्याच्या याच उणिवेवर चालतो.

अवकाशाच्या बाबतीत पारडे फिरते. चांगली नजर एक कलेइतक्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातील दोन बिंदू वेगळे पाहते. ध्वनीची दिशा ओळखताना कानाची अचूकता समोरच्या बाजूसही एक अंशाच्या आसपासच राहते. काळाच्या बाबतीत पुन्हा कान सरस आहे. ध्वनीतील 2-3 मिलिसेकंदांचा खंड त्याला जाणवतो, तर सेकंदाला 50-60 वेळा लुकलुकणारा दिवा डोळ्याला बहुधा अखंड जळताना दिसतो.

वयाबरोबर श्रवणकक्षा वरच्या टोकाकडून आक्रसत जाते. दृष्टीची वर्णपटीय कक्षा तुलनेने टिकते. मात्र चाळिशीनंतर भिंगाचा लवचीकपणा घटल्याने जवळचे अंधुक दिसू लागते.