मुंबईच्या नावाचे रक्त

गावांची नावे पुष्कळ गोष्टींना लागतात. पैठणीला पैठणचे लागले, वहाणांना कोल्हापूरचे लागले, हापूस तर देवगडचे नाव सांगितल्याशिवाय पेटीतून बाहेर येत नाही. मुंबईचे नाव मात्र एका रक्ताला लागले आहे. १९९५ साली या शहराचे 'बॉम्बे' हे नाव सरकारी कागदांतून गेले. पण जगातल्या रक्तपेढ्यांत ते अजून नांदते आहे. टोकियोपासून टोरोंटोपर्यंत कुठल्याही रक्ततज्ज्ञाला विचारा. 'बॉम्बे रक्तगट' म्हटले की तो कान टवकारील.

ऐन दिवाळीत, चकली-करंजीच्या ताटापुढे रक्ताची कथा कशाला, असे कुणी म्हणेल. पण या कथेत लढाई नाही, खून नाही, राजवाड्यातले कारस्थान नाही. अपेक्षित उत्तर द्यायला नकार देणारी एक काचेची नळी, आणि त्या नकाराकडे दुर्लक्ष न करणारी काही माणसे, एवढीच या कथेतली पात्रे. तरीही तिचा धागा परळहून लंडनला, तिथून इस्राएलमधल्या हैफा शहराला आणि शेवटी जर्मनीतल्या एका मुलांच्या इस्पितळापर्यंत जातो. मला तर हा इतिहास अनेक बखरींपेक्षा रोमहर्षक वाटत आला आहे.

प्रारंभ व्हिएन्ना शहरात करावा लागतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कार्ल लॅण्डस्टायनर नावाच्या डॉक्टराने आपले स्वतःचे आणि आपल्या सहकाऱ्यांचे रक्त काढले. रक्त साकळले म्हणजे वर जे पिवळसर पाणी सुटते त्याला सीरम म्हणतात. एकाचे सीरम त्याने दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिले. काही जोड्या गुण्यागोविंदाने राहिल्या. काहींत मात्र पेशींच्या गुठळ्या झाल्या. १९०१ साली त्याने यावरून रक्ताचे तीन गट सांगितले, १९०२ साली त्याच्या शिष्यांनी चौथा शोधला. हेच आपले ए, बी, एबी आणि ओ. लॅण्डस्टायनरला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामाबद्दल.

ए गटाच्या पेशीवर 'ए' नावाची खूण, बी गटाच्या पेशीवर 'बी' नावाची, एबीवर दोन्ही, आणि ओवर? ओवर काहीच नाही, अशी तेव्हाची समजूत होती. जर्मनभाषी देशांत तर तो गट आजही शून्याचा आकडा घालूनच लिहितात. ज्या पेशीवर खूणच नाही, तिच्याशी भांडायचे कुणी आणि कशावरून? म्हणून ओ गटाच्या तांबड्या पेशी कुणालाही चालतात, असा नियम होऊन बसला. पुढच्या पन्नास वर्षांत असंख्य रोगी या नियमाच्या आधाराने वाचले.

शून्याचे मर्म भारतीयांना अधिक कळते म्हणा, किंवा योगायोग म्हणा. पण हे शून्य खरे शून्य नाही, हे उघड झाले ते आपल्या परळला.

परळचे के. ई. एम. इस्पितळ १९२६ साली उघडले. त्याच्याशी जोडलेल्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे विकृतिशास्त्राचे काम पाहत होते. रक्त तपासताना काही माणसांच्या बाबतीत एक चमत्कारिक प्रकार दिसला. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नव्हते, बीही नव्हते. म्हणजे गट ओ; नोंद करावी आणि पुढची नळी घ्यावी. पण त्यांचे सीरम इतरांच्या पेशींत मिसळले तेव्हा गुठळ्या झाल्या. ए गटाच्या पेशींच्या झाल्या, बीच्या झाल्या, ते ठीकच. परंतु ज्यांच्याशी कुणाचेच भांडण नसते त्या ओ गटाच्या पेशींच्याही झाल्या!

प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा, असे झाले की पहिला विचार काय येतो. नळी नीट धुतली नसेल, सीरम जुने असेल, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. दहांतले नऊ वेळा तो विचार बरोबरही असतो. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी तिथे थांबायचे नाकारले. नमुने लंडनला गेले. तिथे लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर ही रक्तगटांच्या विद्येतली त्या काळची सर्वांत जाणती जोडी होती, आणि त्याच संस्थेत वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे दोघे रक्तगटांच्या खुणा कोणत्या रसायनाच्या बनलेल्या आहेत याचा तपास करीत होते. मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात मुंबईचे तिघे आणि लंडनचे चौघे अशा सात जणांच्या नावाने एक छोटासा निबंध आला. मथळ्यातला 'नवे' हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत घातला होता. केवढा हा संकोच! वस्तुतः त्या दोन पानांनी अर्ध्या शतकाची समजूत उलटी केली होती.

हे कोडे उलगडायला आपण दिवाळीचाच दाखला घेऊ. प्रत्येक घराच्या ओसरीला आकाशकंदील टांगायची एक खुंटी आहे, अशी कल्पना करा. कुणी तांबडा कंदील टांगतो, तो ए. कुणी हिरवा, तो बी. कुणी दोन्ही. ओच्या घरी कंदील नाही, पण खुंटी आहे! आजवर साऱ्यांचे लक्ष कंदिलांकडे. भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे कोण पाहतो? मुंबईच्या त्या माणसांच्या घराला खुंटीच नव्हती. आपल्या शरीरात जे नाही ते परके, हा रक्ताचा बाणा. म्हणून त्यांचे सीरम खुंटी दिसेल त्या प्रत्येक पेशीवर तुटून पडे. या खुंटीला शास्त्रज्ञ 'एच' म्हणतात. १९५२ सालीच वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी दाखवून दिले होते की या एचचे मर्म 'फ्युकोज' नावाच्या एका साखरेत आहे. पेशीच्या अंगावर ज्या साखरेच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाशी फ्युकोजचा एक कण बसला की खुंटी तयार होते. तिच्यावर आणखी एक साखर चढली तर ए, दुसऱ्या जातीची चढली तर बी.

फ्युकोजचे नाव लक्षात ठेवावे. पुढे गाठ पडणार आहे.

१९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हाइन यांना एक बाई आढळली. तपासणीत तिचा गट ओसारखा दिसे. पण तिच्या मुलाला तिच्याकडून बीचा वारसा मिळालेला होता. एरवी अशा प्रसंगी संशयाचे केवढे काहूर उठले असते! खुलासा सरळ होता. कंदील तिच्या माळ्यावर होता, टांगायला खुंटी नव्हती. मुलाला बापाकडून खुंटी मिळाली आणि आजोळचा कंदील उजळला. पुढे १९९० नंतरच्या वर्षांत ही खुंटी ठोकणारे जनुकही हाती आले. भारतातल्या बॉम्बे गटाच्या माणसांत त्या जनुकाच्या मजकुरात ७२५ व्या जागी एक अक्षर बदललेले असते. एवढ्या मोठ्या पोथीतले एक अक्षर!

या गटाची माणसे तुमच्याआमच्यासारखीच निरोगी असतात, हे आवर्जून सांगायला हवे. शाळेत जातात, संसार करतात, म्हातारी होतात. संकट येते ते रक्त घ्यायची वेळ आली तरच. नुसत्या पेशी पाहून कुणी 'ओ' असा शिक्का मारला आणि ओची बाटली लावली, तर त्या परक्या पेशी शिरेतच फुटू लागतात. मूत्रपिंडे बंद पडतात, प्राणावर बेतते. म्हणून पेशींची तपासणी झाली की सीरमचीही उलट तपासणी करायची, आणि बाटली देण्यापूर्वी दात्याचे नि रोग्याचे रक्त जुळवून पाहायचे, हा नियम रक्तपेढीत डोळ्यांत तेल घालून पाळावा लागतो. युरोपात असे रक्त दहा लाखांत एखाद्याचे. मुंबईत १९७४ साली भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली, ती सुमारे ७,६०० माणसांत एक अशी भरली. हा प्रश्न आपल्या घरचा आहे, परक्या पुस्तकातला नव्हे. १९५७ साली मुंबईत रक्तगटांसाठी खास केंद्र निघाले, आणि तेच वाढत वाढत आजची राष्ट्रीय प्रतिरक्तविज्ञान संस्था झाले.

कथा इथे संपली असती तरी ती सुफळ संपूर्ण म्हणता आली असती. परंतु चाळीस वर्षांनी तिला एक अनपेक्षित अध्याय जोडला गेला.

१९९२ साली हैफा येथील डॉक्टर आमोस एत्झिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन अरब मुलांची हकीगत प्रसिद्ध केली. मुले एकमेकांच्या नात्यातली नव्हती. मात्र दोघांचेही आईबाप आपापसांत नातेवाईक होते. मुलांची वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकास मंद, आणि न्यूमोनिया, कानदुखी, हिरड्यांची सूज असे काही ना काही सारखे पाठीशी. सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, जंतूंनी एवढा धुमाकूळ घातला तरी पू म्हणून होत नसे. पू म्हणजे जंतूंशी लढताना पडलेल्या पांढऱ्या पेशींचा खच. तेव्हा या मुलांत पांढऱ्या पेशी कमी असाव्यात, असे वाटेल. रक्त पाहावे तो त्या नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक! सैन्य अफाट, पण रणांगणावर एकही शिपाई नाही. हा काय प्रकार?

सैन्य रणांगणावर कसे पोचते हे यूलियस कोनहाइमने १८६७ सालीच बेडकाच्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या न्याहाळून वर्णन केले होते. जिथे सूज असते तिथे पांढऱ्या पेशी वाहिनीच्या काठाशी येतात, रेंगाळतात, चिकटतात आणि भिंतीतून बाहेर पडतात. पुरात वाहणारा माणूस काठावरच्या मुळ्या धरत धरत वेग कमी करतो आणि मग काठावर चढतो, तसेच हे. मुळ्या हाती लागल्या नाहीत तर तो वाहूनच जाणार. १९९० साली कळले की काठावरच्या या मुळ्यांना पांढरी पेशी ज्या हाताने धरते, तो हातही एका साखरेच्या साखळीचाच असतो. आणि त्या साखळीत फ्युकोज असावेच लागते.

आता हैफाच्या मुलांचा रक्तगट सांगतो. दोघांचाही बॉम्बे!

हाच दुवा निर्णायक ठरला. तांबड्या पेशीवरची खुंटी ठोकणारा कारागीर वेगळा, पांढऱ्या पेशीचा हात घडवणारा वेगळा. दोघेही एकाच मुलात, आणि तेही दोन निरनिराळ्या घरांतल्या मुलांत, एकदम निकामी होतील हे संभवत नाही. कारागीर धड असावेत. मालच पोचत नसावा. सगळ्यांना लागणारा माल एकच, फ्युकोज. सोनार, तांबट, लोहार सारेच हात बांधून बसले असतील तर त्यांची हत्यारे तपासण्याआधी गावात कोळसा आला का ते पाहावे. रक्तगटाच्या साध्या तपासणीने रोगाचे मूळ असे दाखवून दिले.

माल कुठे अडला? पेशीत साखर चढवण्याचे काम 'गॉल्जी' नावाच्या दालनात चालते. इटलीच्या कामिल्लो गॉल्जीने ते १८९८ साली घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत पाहिले, आणि पुढची पन्नास वर्षे पंडित त्याच्या अस्तित्वाविषयीच वाद घालीत बसले. २००१ साली जर्मनीतल्या संशोधकांनी शोधून काढले की या दालनाच्या भिंतीत फ्युकोज आत घेणारा एक दरवाजा आहे, त्याचे एक स्वतंत्र जनुक आहे, आणि या रोग्यांत तोच दरवाजा बिघडलेला आहे.

त्याच्या थोडे आधी, १९९९ साली, म्युन्स्टरच्या डॉक्टरांनी हाच रोग असलेल्या एका तुर्की मुलावर साधासा उपाय करून पाहिला. त्याला फ्युकोज खायला दिले. दरवाजा पुरता बंद नसून नुसता अडखळत असेल, तर बाहेर मालाची गर्दी वाढवल्यावर थोडा तरी आत शिरेल, हा हिशेब. तो खरा ठरला. मुलाचा वारंवार येणारा ताप आणि जंतुसंसर्ग थांबला, पांढऱ्या पेशींची संख्या ताळ्यावर आली. इस्राएलमधल्या रोग्यांना मात्र त्याच उपायाने गुण आला नाही. त्यांच्या दरवाजातला बिघाड वेगळ्या जातीचा होता. शास्त्राच्या इतिहासात यशाला असे काठ असतातच, आणि ते लपवू नयेत.

या साऱ्याकडे पाहताना मला सर्वांत अधिक नवल परळच्या त्या नळीचे वाटते. भेंडे आणि त्यांच्या सोबत्यांपुढे पेशीचा दरवाजा नव्हता, हैफाची मुले तर जन्मलीही नव्हती. त्यांच्यापुढे होते फक्त एक न जुळणारे उत्तर. ते त्यांनी पुसले नाही, जुळवून घेतले नाही. जसे दिसले तसे लिहून ठेवले आणि अधिक जाणत्याला दाखवले. चाळीस वर्षांनी हजारो मैलांवर एक डॉक्टर आजारी मुलांपुढे हतबुद्ध होऊन बसला असताना, ती नोंद त्याच्या कामी आली.

इतिहास म्हणजे मोठ्यांनी घेतलेले मोठे निर्णय, असे शाळेत आपण शिकलो. माझे मत हळूहळू निराळे होत गेले आहे. आपले काम चोख करणारी माणसे, 'हे असे का?' एवढेच विचारून जी कागदावर चार ओळी खऱ्या लिहितात, त्या ओळींवरही पुष्कळसा इतिहास उभा असतो. पुढच्या खेपेला रक्तदानाला जाल, तेव्हा नळ्या हलवून पुन्हा पुन्हा उजेडात धरणाऱ्या त्या तरुण तंत्रज्ञाला घाई करू नका. तो खुंटी शोधत असेल.