नमुन्याचे तीन भाग

1858 सालच्या ऑक्टोबरची 30 तारीख, शनिवार. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गावी बाजार भरला होता आणि एका मिठाईवाल्याच्या दुकानावर पेपरमिंटच्या वड्या नेहमीप्रमाणे खपत होत्या. दुसऱ्या दिवशी मुले दगावल्याच्या वार्ता येऊ लागल्या. प्रथम पटकीचा संशय आला; परंतु चौकशीचे सारे धागे त्या एकाच दुकानाशी जाऊन पोहोचले. सुमारे 20 माणसे मेली आणि 200च्या आसपास आजारी पडली.

वड्यांत सोमल होता. तो कोणी वैरभावाने घातला नव्हता. साखर महाग, म्हणून गरिबांच्या मिठाईत जिप्समसारखी स्वस्त पांढरी पूड मिसळण्याचा त्या धंद्यात रिवाजच होता. ती आणावयास गेलेल्या माणसाला औषधविक्याच्या नोकराने भलत्याच पिंपातून 12 रत्तल सोमल तोलून दिला. खटला उभा राहिला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. आणि मिठाईत पूड मिसळणे, जे या अनर्थाचे मूळ, त्याला तर कायद्याची आडकाठीच नव्हती!

लोकांना पूर्वसूचना मिळाली नव्हती असे नाही. 1851 पासून डॉ. आर्थर हिल हॅसल हे सूक्ष्मदर्शकाखाली लंडनमधील खाद्यपदार्थ तपाशीत होते आणि 'लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक दुकानदारांच्या नावानिशी ते निष्कर्ष छापीत होते. तरी पहिला व्यापक कायदा झाला तो ब्रॅडफर्डनंतर, 1860 साली; आणि तोही लंगडा. स्थानिक संस्थांनी पृथक्करण करणारा रसायनज्ञ नेमावा की नाही, हे त्यांच्या मर्जीवर सोडलेले. शिवाय तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकानेच तपासणीची फी भरावयाची. ज्याला शुद्ध साखर परवडत नाही, तो फी कोठून भरणार? बहुतेक गावांनी कोणाची नेमणूकच केली नाही.

1872 साली ही चूक सुधारली. आता निरीक्षकानेच बाजारात जाऊन नमुना विकत घ्यावा असे ठरले. मात्र निरीक्षकावर तरी विश्वास कोणी ठेवावा? दुकानदाराची ही शंका अगदीच अनाठायी नव्हती. तिचे उत्तर 1875 च्या कायद्याने दिले. नमुन्याचे जागच्या जागी तीन भाग करून मोहोरबंद करावयाचे : एक दुकानदाराला, एक रसायनज्ञाला आणि तिसरा पुढे वाद झाल्यास ताडून पाहण्यासाठी राखून ठेवावयाचा.

हीच रीत आपल्याकडे आली. बेळगाव जिल्हा ज्या मुंबई इलाख्यात होता, तेथे भेसळ प्रतिबंधाचा कायदा 1925 साली झाला. पुढे 1954 चा अखिल भारतीय कायदा 1 जून 1955 पासून अंमलात आला, त्यातही मूळ तरतूद तीन भागांचीच होती. त्याची जागा घेणाऱ्या 2006 च्या कायद्यात भाग चार झाले. चौथा भाग, दुकानदाराने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो.