मारिया तेरेसा थालर

मारिया तेरेसा थालर हे अठराव्या शतकातील जर्मन राज्यांच्या चलनपद्धतीतले चांदीचे नाणे आहे. त्यावर इ.स. १७८० हे साल असले तरी ते पुढे दीड शतकाहून अधिक काळ अनेक देशांत पाडले गेले. इ.स. १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही अशी सुमारे १ कोटी ८९ लाख नाणी तयार झाली.

स्वरूप

नाण्याचे वजन सुमारे २८.०७ ग्रॅम असून त्यात सुमारे २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी असते, म्हणजे इ.स. १९४० पूर्वीच्या ब्रिटिश भारतीय रुपयातील चांदीच्या दुपटीहून अधिक. हे प्रमाण ऑस्ट्रिया व बव्हेरिया यांच्यातील इ.स. १७५३ च्या करारातून आले. दर्शनी बाजूस सम्राज्ञी मारिया तेरेसाची प्रतिमा, मागे द्विमुखी गरुड आणि कडेवर 'न्याय व दया' या अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. कडेवरील अक्षरांमुळे चांदी कोरून घेतल्यास ते लगेच दिसे. प्रतिमेखालील 'एस. एफ.' ही अक्षरे गुन्झबर्ग (आता बव्हेरियात) टांकसाळीचे अधिकारी शोब्ल व फाबी यांच्या आडनावांची आहेत.

गोठलेले साल

कॉफीच्या व्यापारातून हे नाणे तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर पोहोचले. २९ नोव्हेंबर १७८० रोजी सम्राज्ञीचे निधन झाले, पण तिकडच्या व्यापाऱ्यांना ओळखीचीच प्रतिमा हवी होती. ते वस्त्रावरील मोतीसुद्धा मोजून पाहत. त्यामुळे साल न बदलता जुनाच ठसा चालू ठेवण्यात आला. ऑस्ट्रियात इ.स. १८५८ मध्ये हे नाणे कायदेशीर चलनातून गेले. इथिओपिया व अरबस्तानात मात्र चालतच राहिले.

मुंबईतील नाणी

इथिओपियावर स्वारी करण्यापूर्वी, इ.स. १९३५ मध्ये, मुसोलिनीच्या इटलीने ऑस्ट्रियाकडून या नाण्याचे ठसे मिळवले. आपल्या व्यापाऱ्यांची अडचण होऊ लागल्याने ब्रिटनने पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तेच नाणे पाडण्यास सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतील मोहिमेसाठी त्याची मोठी गरज पडली, कारण तेथील लोक कागदी नोटांपेक्षा या चांदीवर विश्वास ठेवत. या मोहिमेत, इ.स. १९४१ च्या केरेनच्या लढाईत, मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटणही लढली.

मुंबईच्या नाण्यांवरही 'एस. एफ.' हीच अक्षरे व १७८० हेच साल आहे. टांकसाळीचे वेगळे चिन्ह नसल्याने गरुडाची पिसे व मोती यांतील बारीक फरकांवरूनच संग्राहक ती ओळखतात.