बशीतला ठोका

मी बी.एस्सी.ला असताना आजीला कॉलेजातलं कौतुक सांगायला गेलो आणि फसलो. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली आमची खोली. (पाट्यांवर ना. म. जोशी मार्ग आहे, बोलताना तो कुणी म्हणत नाही.) प्रॅक्टिकलला आम्ही अठ्ठेचाळीस तास उबवलेलं अंडं कोमट मिठाच्या पाण्यात फोडायचो. बलकावरचा गर्भ फिल्टर पेपरच्या कड्यावर उचलून बशीत घ्यायचो. टाचणीच्या डोक्याएवढं हृदय ठोके देत असायचं. मग वर पिवळं बुआँचं द्रावण. ठोका थांबायचा, स्लाइड तयार.

आजी साताऱ्याकडची, खुडूक कोंबड्या बसवण्यात आयुष्य गेलेलं. तिनं एवढंच विचारलं, "बाहेर काढलंस तवा जित्तं हुतं न्हवं? मग फुडं जगलं नसतं?"

मी ठामपणे म्हणालो, "कवचाबाहेर जगत नाही."

अंडी फोडून पाहणं जुनंच आहे. ॲरिस्टॉटलनेही रोजच्या रोज अंडी उघडून पांढऱ्यातला उड्या मारणारा रक्ताचा ठिपका नोंदवला. पण फोडलं की संपलं. १९५५ साली डेनिस न्यू यांनी बलकावरचं पातळ आवरण गर्भासकट सोडवून काचेच्या कड्यावर ताणलं, खाली थोडा पांढरा बलक ठेवला. गर्भ वाढताना दिसू लागला, तोही फार तर एकदोन दिवस. हे तंत्र पुण्यात रुजवणाऱ्यांत लीला मुल्हेरकर होत्या. एडिंबरोत वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून त्या पुणे विद्यापीठात आल्या, आणि कोंबडीच्या गर्भावर काम करणारी एक पिढीच त्यांनी घडवली. त्यांचा प्रश्न पिल्लू जगवण्याचा नव्हता. एका पेशीसमूहाला मेंदू व्हायचं कोण सांगतं, हा होता. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रश्नच नव्हता, फक्त दहा मार्क होते.

१९८८ मध्ये एडिंबरोजवळच्या रॉझलिनला मार्गारेट पेरी यांनी पहिल्या पेशीपासून पिल्लापर्यंतचा प्रवास कवचांची अदलाबदल करत पार पाडला. म्हणजे कवच लागलंच, फक्त उसनं.

कवच म्हणजे नुसती भिंत नव्हे. हाडांचं बरंचसं कॅल्शियम गर्भ त्यातूनच शोषून घेतो, आणि श्वासही त्याच्याच छिद्रांतून चालतो. जपानमधल्या चिबा इथल्या एका शाळेचे शिक्षक युताका ताहारा आणि काट्सुया ओबारा यांनी नेमक्या या दोन गोष्टींची सोय केली. सुमारे अडीच दिवस उबवलेलं अंडं प्लास्टिकच्या पेल्यात ताणलेल्या पारदर्शक पडद्यावर फोडायचं, कॅल्शियम लॅक्टेटची पूड आणि ऊर्ध्वपातित पाणी घालायचं, सतराव्या दिवसापासून शुद्ध प्राणवायू द्यायचा. २०१४ सालच्या त्यांच्या निबंधात निम्म्याहून अधिक पिल्लं बाहेर आल्याची नोंद आहे.

अडीच दिवस. म्हणजे आमच्या बशीतल्या गर्भाहून जेमतेम काही तास मोठं.

हा निबंध मी वाचला तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॅल्शियम लॅक्टेटशी वाचता वाचता अडखळलो. गुडघ्यांसाठी दवाखान्यातून तिला मिळायच्या, त्याच या पांढऱ्या गोळ्या. आमच्या फळीवर चहाच्या डब्यामागे त्यांची पुडी कायम असायची.